मेथी आणि पालक : पोषणमूल्यांची तुलना

महाराष्ट्राच्या जेवणात नेहमी येणाऱ्या दोन पालेभाज्या. मेथी (ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम) शेंगावर्गीय, म्हणजे वाल-हरभऱ्याची भाऊबंद. पालक (स्पिनॅशिया ओलेरेशिया) राजगिरा-चाकवताच्या कुळातला. पुढील आकडे मुख्यतः हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांतले आहेत. ते निवडलेल्या १०० ग्रॅम कच्च्या पाल्याचे असून स्थूलमानाने दिले आहेत.

पालकात पाणी सुमारे ९० टक्के, मेथीत ८७. हा फरक लहान दिसला तरी पाणी वगळून उरणारा ऐवज मेथीत बराच जास्त भरतो. प्रथिने मेथीत ३.७ ग्रॅम, पालकात २.१, तंतू अनुक्रमे ४.९ आणि २.४ ग्रॅम, क जीवनसत्त्व ५८ आणि ३० मिलिग्रॅम. फोलेटमध्ये मात्र पालक पुढे आहे : १४२ मायक्रोग्रॅम, मेथीत ७५. गरोदरपणात फोलेटची गरज वाढते, तेव्हा ही बाजू महत्त्वाची ठरते.

लोहाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण पालकाची सारी ख्याती तिच्यावर उभी आहे. याच संस्थेच्या जुन्या कोष्टकांत पालकाचे लोह १०.९ आणि मेथीचे १६.५ मिलिग्रॅम असे छापलेले असे, आणि शाळेच्या पुस्तकांतून ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले. पाल्याला चिकटलेल्या मातीतले लोहही त्या मोजणीत येत होते. सुधारित आवृत्तीत हे आकडे १.१४ आणि १.९३ वर आले. २०१७ ची कोष्टके पालकात सुमारे ३ आणि मेथीत ५.७ मिलिग्रॅम लोह दाखवतात. आकडे असे हेलकावत राहिले, तरी तिन्ही वेळा मेथीच वरचढ आहे. शिवाय पालेभाजीतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. लिंबू पिळल्याने शोषण वाढते, जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने घटते.

कॅल्शियम मेथीत सुमारे २७४ मिलिग्रॅम, पालकात ८२. त्यातही पालकातले ऑक्झॅलिक आम्ल (जुन्या कोष्टकांनुसार सुमारे ६५८ मिलिग्रॅम, मेथीत अवघे १३) कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून अंगी लागते ते आणखी कमी. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मुतखडे होणाऱ्यांना पालक बेताने खायला सांगतात, तो याचमुळे. पालक उकडून पाणी टाकले तर ऑक्झॅलेट कमी होते, पण त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जाते. कॅरोटीनच्या बाबतीत जुनी कोष्टके पालकाला आणि नवी मेथीला झुकते माप देतात. त्यावर निकाल न देणेच बरे.

एक सावधगिरी. ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’ हे आपल्याकडे लावले जाणारे पालकाचे वाण खऱ्या स्पिनॅशियाचे नाहीत, ते बीटच्या जातीतले आहेत. म्हणजे कोष्टकातला पालक आणि जुडीतला पालक एकच असेल असे नाही.

मावळात ही तुलना हंगामाने बांधलेली आहे. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेसारख्या पवना खोऱ्यातल्या गावांत पावसाळ्यात खाचरे भाताने भरलेली असतात, आणि त्या मुसळधारेत मेथी व पालक दोन्ही सडतात. तेव्हा ताटात टाकळा, कुरडू यांसारख्या रानभाज्या येतात. भातकापणी उरकून थंडी पडली की मेथीचे दिवस सुरू होतात. परतून असो, पिठल्यात असो, भाकरीबरोबर मेथी चालते. पालकाला डाळीची जोड लागते आणि ती त्याला मानवतेही, कारण प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते.

एकाच जुडीचे पैसे असतील तर मेथी घ्यावी. मात्र देठ फार काढू नयेत, कोवळे देठ पानांबरोबरच चिरावेत.