तारापूरचा वेग आणि गावांचं ताटकळणं

आज एडवणच्या किनाऱ्यावरून वर उत्तरेला, तारापूरला जाऊया. विषय आहे ‘लीन’. टोयोटाच्या ताइची ओनोंनी कारखान्यात वाया जाणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या. त्यातली एक म्हणजे नुसतं ताटकळणं.

आपल्या अणुभट्ट्यांना हा रोग जुनाच. उत्तर प्रदेशात नरोऱ्याच्या पहिल्या भट्टीचं बांधकाम १९७६ला सुरू झालं. अणुसाखळी पेटली थेट १९८९ला! तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या चौथ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट पडलं मार्च २०००मध्ये, आणि मार्च २००५मध्ये ती पेटलीसुद्धा. कसं जमलं? बांधकाम पूर्ण व्हायची वाट न बघता यंत्रं बसवायचं काम सोबतच चालवलं. सुटी कंत्राटं कमी करून मोठी पॅकेजेस दिली.

पण याच प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचा वाद मुंबई हायकोर्टात गेला आणि भट्ट्या वीज देऊ लागल्या तरी चालूच राहिला.

म्हणून लीनचं कौतुक करताना एवढं विचारायचं: ताटकळणं खरंच संपलं, की फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं?