लोखंड जळत नाही, पण उभं राहतं का?

आमच्या पहूरकडे कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमध्ये सगळ्यांना एकच धास्ती: आग. रुईला ठिणगी पुरते. जुन्या घरांना सागाचे खांब, सागाच्या तुळया. जिनिंगच्या शेडला मात्र लोखंडी कैच्या आणि पत्रे. लोखंड जळत नाही, म्हणजे शेड जास्त सुरक्षित, असं मी धरून चाललो होतो. पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणात तसं लिहिलंही. सरांनी विचारलं, "जळत नाही, मान्य. पण उभं राहतं का?" मी गप्प.

उत्तर इतिहासात सापडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या गिरण्या वारंवार जळायच्या. तेल मुरलेली लाकडी जमीन, हवेत तंतू, उजेडाला उघडे दिवे. १७९१ मध्ये लंडनची अल्बियन पिठाची गिरणी खाक झाली. त्यानंतर डर्बीत विल्यम स्ट्रटने ओतीव लोखंडाचे खांब आणि विटांच्या कमानी वापरल्या. तुळया लाकडीच होत्या. १७९७ मध्ये श्रूजबरीला चार्ल्स बेजने तुळयाही लोखंडी केल्या. फायदा खरा होता: इमारतीचा सांगाडाच आगीचं सरपण होणं थांबलं.

पण १८७१ च्या शिकागोच्या आगीत 'अग्निरोधक' म्हणवणाऱ्या लोखंडी इमारतीही कोसळल्या. मग तिथे लोखंडाभोवती भाजलेल्या मातीचं आवरण द्यायला लागले.

कारण काय? आपल्या आयएस ८०० : २००७ मधलं सूत्र बघा. २१५ अंशांच्या वर पोलादाची उरलेली ताकद = (९०५ − तापमान) ÷ ६९०. तापमान ५६० घाला. ताकद बरोब्बर निम्मी! आणि प्रमाणित अग्निचाचणीत भट्टी ५ मिनिटांतच साधारण ५७५ अंशांवर जाते. पोलाद तेवढ्या लवकर तापत नाही, पण सडपातळ उघडी कैची जाड खांबापेक्षा फार लवकर तापते. उलट सागाची जाड तुळई जळते खरी, पण वरचा कोळसा आतल्या लाकडाला काही काळ राखतो.

म्हणजे प्रश्न एक नाही, दोन आहेत. साहित्य आगीला खाद्य देतं का? आणि आगीत ते भार किती वेळ पेलतं? पहिल्यात लोखंड जिंकतं. दुसऱ्यात त्याला आवरण लागतं, मग ते काँक्रीट असो, जिप्समचा बोर्ड असो की तापल्यावर फुगणारा रंग.

मित्रांनो, संशोधनाचा विषय मांडताना 'सुरक्षित' असा शब्द आला की थांबा. त्याच्या पोटात किती प्रश्न दडलेत ते आधी मोजा. मी मोजले नाहीत, म्हणून सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.