पान, पीठ आणि निखारा

इंग्रजीतील ‘बेक’ या क्रियेसाठी मराठीत स्वतंत्र धातू नाही. भाकरी आपण भाजतो, वांगे भाजतो, शेंगाही भाजतो आणि केकसुद्धा, शुद्ध मराठीचा आग्रह धरल्यास, भाजतोच. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. 1534 पासून 1739 पर्यंत वसई त्यांच्या ताब्यात होती, आणि त्यांच्यासोबत आलेली पावाची भट्टी किनाऱ्यावर रुजली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा वसईची ही किनारपट्टी आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर एकाच जिल्ह्यात आले. परंतु स्वयंपाकाच्या इतिहासात त्यांच्यातले अंतर मोठे आहे. घाटाच्या चढणीवर भट्टी पोचली नाही. मग तेथे ‘बेकिंग’ नव्हतेच, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

तुलनेसाठी सफरचंदाचा पाय घेऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या एका इंग्रजी पाककृतिसंग्रहात तो आढळतो. योगायोगाने जव्हारच्या मुकणे घराण्याचे राज्य उभे राहिले तेही त्याच शतकात. त्या काळच्या पायचे कवच पुष्कळदा जाड व कडक असे. ते पदार्थाचा भाग कमी आणि भांडे अधिक होते. आतला ऐवज शिजेपर्यंत त्याला धरून ठेवणे, त्याचा ओलावा राखणे, हे त्याचे काम. असे कवच लाटता येते ते गव्हात चिकटपणा असतो म्हणून. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत पिकतात नागली, वरई आणि भात. यांच्या पिठाला तो चिकटपणा नाही. म्हणून तेथे कवचाचे काम पानाने केले.

या जिल्ह्यात भादव्यापासून दिवाळीपर्यंत काकड्या मुबलक असतात. मोठी, जून काकडी किसायची, तिला सुटलेल्या पाण्यातच तांदळाचे पीठ व गूळ कालवायचा, ते मिश्रण पानांत गुंडाळायचे आणि वाफेवर वा निखाऱ्यांवर शिजवायचे. हीच पानमोडी. फळाचा ओलावा, पिठाचा आधार, गुळाची गोडी आणि बाहेरून जळून आतले राखणारे आवरण: पायची सारी तत्त्वे येथे हजर आहेत. दक्षिण कोकणात तवशाचे धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतात, तर पाठारे प्रभूंच्या घरी भानोळ्याला खालून-वरून आच देतात. ओव्हनचे तत्त्व याहून निराळे नाही.

पायवर कवचाऐवजी पसरायचा भुरभुरीत थर, म्हणजे ‘क्रंबल’, याची कथा तर आपल्या विषयाच्या अधिकच जवळची आहे. पीठ, लोणी आणि साखर बोटांच्या टोकांनी चोळून केलेला हा चुरा ब्रिटनमध्ये घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, असे सामान्यतः सांगितले जाते. 1940 च्या जानेवारीत तेथे लोणी व साखर यांचे रेशनिंग सुरू झाले; रेशनिंग पूर्णतः संपले 1954 मध्ये. कवचाला लोणी अधिक लागे, चुऱ्याला कमीत भागे. टंचाईतून आलेला तो पदार्थ आज जगभरच्या पाकपुस्तकांत मानाने बसला आहे.

आता मोखाड्याच्या टंचाईकडे पाहू. येथे साखरेची जागा मोहाने घेतली होती. फाल्गुन-चैत्रात पहाटे वेचलेली मोहफुले वाळवली की मनुकांसारखी टिकतात. पावसाळ्यात कणगी रिकामी होई तेव्हा ती उकडून किंवा पिठात मिसळून खाल्ली जात. 1892 साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा खास कायदा केला आणि ती जवळ बाळगण्यावरच निर्बंध आणला. हेतू चोरट्या दारूला आळा घालण्याचा, म्हणजेच अबकारी उत्पन्न राखण्याचाही होता. मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होता, जव्हार मात्र संस्थानात. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवर नियंत्रण ठेवले. महाराष्ट्रात हे निर्बंध सैल झाले ते 2021 मध्ये. एका राष्ट्राने टंचाईत साखर मोजून का होईना, घरोघरी पोचवली. येथे भुकेच्या महिन्यांतली गोडी कायद्याने संशयित ठरवली. दोन्हीही सरकारी नियंत्रणेच. पण एकातून पाककृती जन्मली आणि दुसऱ्याने पाककृतीच्या मुळावर घाव घातला.

लेखनाच्या अंगानेही हा भेद दिसतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुंबईतील एका लहान समाजाचा स्वयंपाक ग्रंथबद्ध झाला. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या चुलीला अशी लेखिका त्या काळी मिळाली नाही. जव्हारचे नाव महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत ठळक झाले ते 1992 मध्ये, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. ते दुःख खरे होते आणि त्याची दखल घेणे आवश्यकच होते. पण तेव्हापासून या मुलखाच्या अन्नाविषयी जे लिहिले गेले त्यात ‘अभाव’ हाच प्रमुख शब्द राहिला. काय नाही याची मोजदाद झाली. काय होते, ते कसे रांधले जाई आणि कोणत्या नियमाने हिरावले गेले, हे विचारणारे थोडे.

मराठी शिकवणाऱ्यांनी हे काम परक्याचे समजू नये असे आम्हांस वाटते. कोणत्या पदार्थाला कोणते पान, ते कोणत्या महिन्यात कोवळे असते, निखारा किती फुललेला हवा, यांसाठी तेथील बोलींत शब्द आहेत. आमच्या वर्गांत त्या घरांतली मुले-मुली बसतात. भाषेच्या प्रकल्पासाठी विषय शोधताना त्यांनी आपल्या आजीच्या चुलीपाशी बसून हे शब्द टिपले, तर कोशात भर पडेलच. शिवाय इतिहासाला त्या मुलखाची भुकेखेरीज दुसरी बाजूही नोंदवता येईल.