प्लेबॉय आणि स्त्रीपार्टी

'प्लेबॉय' म्हटलं की लग्नाच्या फंदात न पडलेला, पैसा उधळणारा, रात्रीचा दिवस करणारा रंगेल गडी डोळ्यांपुढे येतो. सतराव्या शतकाच्या आरंभी मात्र इंग्रजीत हा शब्द नाटकात काम करणाऱ्या पोराला लावत. लंडनच्या रंगभूमीवर तेव्हा बायका उभ्या राहत नसत. ऑफेलिया, क्लिओपात्रा, लेडी मॅकबेथ या भूमिका पोरांनीच केल्या. जाणत्या नटाच्या हाताखाली उमेदवारी करायची, त्याच्याच घरी राहायचं आणि आवाज फुटला की पुरुषांच्या भूमिकांकडे वळायचं, नाहीतर दुसरा धंदा बघायचा. १६४२ साली नाट्यगृहांना टाळं लागलं. १६६० साली ती पुन्हा उघडली तेव्हा रंगमंचावर बायका आल्या आणि या पोरांचं काम गेलं.

सिंधुदुर्गात ते काम अजून चालू आहे. जत्रेच्या रात्री मालवण-कुडाळ-वेंगुर्ल्याकडे 'आज खयची कंपनी आसा?' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'स्त्रीपार्टी कोण?' हा प्रश्न येतोच. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, खानोलकर अशी या दशावतारी कंपन्यांची नावं. राजापार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी या शब्दांतला 'पार्ट'ही इंग्रजी रंगभूमीवरूनच आलेला, आणि इंग्रजी 'प्ले'त नाटक नि खेळ जसे एकत्र नांदतात तसेच ते आपल्या 'खेळा'तही नांदतात. म्हणून 'प्लेबॉय' या शब्दाची मूळ जागा शोधायला मला धयकाल्याइतकं, म्हणजे या दशावतारी खेळाइतकं, जवळचं दुसरं काही दिसत नाही.

देवळाच्या एका अंगाला पेटारे उघडलेले असतात. पेटाऱ्यावर आरसा टेकवून नट स्वतःच तोंड रंगवतो. पूर्वी सफेदा, पिवडी, मुर्दाडशिंग. आता तयार रंग. मग गंगावन, खोटे दागिने आणि शेवटी नऊवारी. इथे आवाज फुटण्याची अडचण येत नाही. दिवसा शेतात राबलेला चाळिशीचा बाप्या रात्री तारामती होतो आणि तिचा विलाप ऐकून पुढ्यातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात. लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. पायपेटी, मृदंग, झांज, बसायला एक बाक, एवढ्यावर पहाट होते. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं दशावताऱ्यांबद्दल बोलतात ते अक्षरशः खरं होतं. गाड्या नव्हत्या तेव्हा पेटारा डोक्यावर घेऊन ही माणसं पुढच्या गावी चालत जात.

इंग्रजीत हा बोजा शब्दावरून उतरला. एकोणिसाव्या शतकात 'प्लेबॉय' म्हणजे चैनी, पैसेवाला पुरुष झाला. आयर्लंडमध्ये त्याला वेगळा, सोंगाड्याचा रंग होता. जॉन मिलिंग्टन सिंगचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' १९०७ साली डब्लिनच्या अॅबी थिएटरात आलं आणि प्रेक्षकांनी दंगा केला. त्याचा नायक ख्रिस्ती मेहन हा गरीब शेतकऱ्याचा पोर. बापाला मारल्याची कथा रंगवून सांगतो आणि गावातल्या पोरी त्याच्यावर भाळतात. त्याची सगळी मिळकत अभिनयाची, म्हणून मूळ अर्थाचा धागा त्याच्यात अजून टिकलेला वाटतो.

अमेरिकेत तो तुटला. १९५३ साली शिकागोत ह्यू हेफनर 'स्टॅग पार्टी' नावाचं मासिक काढणार होता. 'स्टॅग' नावाच्या दुसऱ्या मासिकाने हरकत घेतली, तेव्हा एका मित्राने बफेलो शहरातल्या बंद पडलेल्या 'प्लेबॉय' मोटार कंपनीचं नाव सुचवलं. त्या मासिकासोबत शब्द जगभर पसरला. फ्रेंचांनी मध्ये जोडरेघ घालून तो घेतला, जर्मनांनी तसाच. जपानमध्ये १९६६ साली त्याच नावाचं साप्ताहिक निघालं. पोर्फिरिओ रुबिरोसा हा डॉमिनिकन मुत्सद्दी तर या शब्दाचा चालताबोलता नमुना ठरला.

मराठीत रंगेल, गुलहौशी, छेलछबेला, सडाफटिंग असे खमंग शब्द असताना सिनेमा आणि क्रिकेटवर लिहिणाऱ्यांनी 'प्लेबॉय' उचलला, तोही फक्त चैनीच्या अर्थाने. राबणाऱ्या पोराचा शब्द ऐतखाऊच्या वाट्याला गेला, हे मला लागतं. इंग्रजी भाषेने तो जुना अर्थ केव्हाच टाकून दिला. तळकोकणात त्या अर्थाच्या माणसाला कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस लागेपर्यंत रात्र मोकळी मिळत नाही.