तीन औषधं एकदम का? क्रमाने घडवलेला फरक

"एचआयव्हीला एकदम तीन औषधं कशाला? आधी एक द्यावं, नाही चाललं तर दुसरं." पीएचडी प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरचा हा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. सुरुवातीची काही वर्षं डॉक्टरही जवळपास असंच करत होते.

एझेडटी हे औषध १९६४ साली कॅन्सरसाठी बनवलं गेलं आणि बाजूला पडलं. १९८६ मध्ये एड्सच्या २८२ रुग्णांवर त्याची चाचणी चालू होती. प्लासिबो गटात १९ मृत्यू, एझेडटी गटात फक्त १. चाचणी मध्येच थांबवली आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पण १९८९ मध्ये दिसलं की सहा महिने औषध घेतल्यावर अनेकांमधला विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

असं का? उत्तर आकडेमोडीत आहे. उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे १० अब्ज विषाणू तयार होतात. प्रत्येकाच्या जनुकसंचात जवळपास १० हजार अक्षरं, आणि नक्कल करताना लाख अक्षरांमागे साधारण तीन चुका. म्हणजे एका अक्षराचा जवळजवळ प्रत्येक बदल रोज कुठेतरी घडतोच, गोळी घेण्याआधीसुद्धा. औषध हा बदल घडवत नाही, फक्त त्याला निवडतं. तीन औषधांना एकाच वेळी चुकवायचं तर एकाच विषाणूत अनेक बदल हवेत. छोट्या शक्यतांचा गुणाकार केला की ती नगण्य होते.

आता मर्कची ०३५ क्रमांकाची चाचणी बघू. आधी एझेडटी घेतलेले ९७ रुग्ण, तीन गट. २४ आठवड्यांनी विषाणूंची संख्या ५०० च्या खाली किती जणांची? तिन्ही औषधं घेणाऱ्यांत ३१ पैकी २८, फक्त इंडिनाव्हिर घेणाऱ्यांत २८ पैकी १२, दोन जुनी औषधं घेणाऱ्यांत ३० पैकी शून्य. नंतर सगळ्यांनाच तिन्ही औषधं दिली. तरीही उशिरा पूर्ण उपचार मिळालेले दोन्ही गट पहिल्या गटाची बरोबरी करू शकले नाहीत. औषधं तीच, फरक फक्त क्रमाचा! त्या काही महिन्यांत निवडले गेलेले प्रतिरोधी विषाणू पेशींमध्ये दडून राहतात.

गोळ्या सुरक्षितपणे घेण्याचे नियम इथूनच आले. त्रास होतो म्हणून तीनपैकी एक गोळी टाळली, की आपण पुन्हा १९८७ मध्ये पोचतो. सगळ्या एकदम मनाने बंद केल्या तरी धोका आहेच. नेव्हिरापिन रक्तात बरेच दिवस टिकतं, बाकीची दोन लवकर उतरतात. म्हणजे नकळत एकच औषध चालू राहतं.

इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावं लागे, नाहीतर मुतखडा. म्हणूनच २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधं एकाच गोळीत आणली, ही मोठी गोष्ट होती. एक औषध गाळण्याची सोयच उरली नाही. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत मिळू लागले. आजच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असतं. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. अँटासिड, लोह, कॅल्शियमसुद्धा त्याच्या आड येतात. त्यामुळे चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगायलाच हवी.

आणि तुमच्यासाठी एक गोष्ट: चाचणीचा पेपर वाचताना 'काय दिलं' इथेच थांबू नका. 'कोणत्या क्रमाने दिलं' आणि 'मागे राहिलेल्या गटाचं पुढे काय झालं' हेही शोधा. ०३५ चं उत्तर तिथेच होतं.