रखमाबाईंचा दावा आणि दोन हजारांची तडजोड

लहान मुलीवर अत्याचार झाला की "पैसे घ्या आणि मिटवून टाका" असं सांगणारे पुढे येतात. आज एका जुन्या दाव्याविषयी बोलू. तोही पैशांवरच मिटला होता.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावून दिलं. त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी हायकोर्टात दिवाणी दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाणत्या वयात लग्न लावलेल्या मुलीवर अशी सक्ती करणं क्रूरपणाचं आहे, असं त्यांचं मत. दादाजींनी अपील केलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल.

शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. लक्षात घ्या, लहानपणी अन्याय झाला मुलीवर आणि पैसे मिळाले नवऱ्याला! रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने सांभाळले.

या खटल्याने देशभर चर्चा पेटली. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं, लग्न झालेल्या मुलींसाठीसुद्धा. परक्या सरकारने आपल्या रीतीभातीत हात घालू नये म्हणून आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी त्याला विरोध केला होता. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बायको अठराच्या आतली असेल, तर नवऱ्याची जबरदस्तीही बलात्कारच.

रखमाबाईंचा दावा दिवाणी होता, दोन माणसांमधला, म्हणून तो मिटवता आला. मुलांवरचा लैंगिक अत्याचार हा फौजदारी गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली खटला सरकार चालवतं. तो मिटवायचा अधिकार गावालाही नाही, आईबापालाही नाही. राजस्थानात एका बापाने आरोपी शिक्षकाशी समझोता केला आणि तिथल्या हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला.

मग मुलीला पैसे मिळतच नाहीत का? मिळतात, आणि त्यासाठी तक्रार मागे घ्यावी लागत नाही. उपचारासाठी, सावरण्यासाठी विशेष न्यायालय भरपाई देऊ शकतं, खटला चालू असतानाही. मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. बायकांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. चिपळूणच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा. मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८.

कुणी मिटवायला आलं, तर एकच विचारा: पैसे घेऊन गप्प बसायचं कुणी, आणि सुटायचं कुणी?