कापसाचें गांव आणि रुग्णाची गोधडी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंती कोणीं उभारिल्या, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, असा वृत्तांत यावा हें रीतीस धरूनच आहे. आम्ही मात्र आज वाचकांस एका अगदीं साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहों. ती वस्तु बहुतेक घरीं आहे, बाजारांत तिचें मोल कोणी करीत नाहीं, आणि रुग्णालयाच्या खाटेवर मध्यरात्रीं ती जितकी हवीशी वाटते तितकें दुसरें कांहींच वाटत नाहीं. ती वस्तु म्हणजे गोधडी. तिची हकीकत सांगण्यास खामगांव हें ठिकाण योग्य आहे. हें गांव कापसावर वाढलें. आणि ज्या वर्षांत तें वाढलें त्याच वर्षांत समुद्रापलीकडे रुग्णांसाठीं गोधड्या शिवण्याचें कार्य मोठ्या प्रमाणावर चाललें होतें. दोहोंचें कारण एकच होतें.

१८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण या पक्षांमध्यें यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील कापूस विलायतेस जाईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलेला होता. कापसाचे भाव चढत गेले, आणि खामगांवची पेठ पाहतां पाहतां हिंदुस्थानांतील मोठ्या कापूसपेठांमध्यें गणली जाऊं लागली. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव उतरले. परंतु पेठ राहिली. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें आठ मैलांचा आगगाडीचा फांटा सुरू झाला, तेव्हां त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. (त्या वेळीं खामगांव अकोला जिल्ह्यांत मोडत असे, बुलढाणा जिल्ह्यांत तें १९०५ सालीं घातलें गेलें.)

ज्या युद्धानें आमच्या पेठेंत रुपये खुळखुळले त्याच युद्धाच्या छावण्यांतून हजारों जखमी व तापकरी उघड्या खाटांवर पडले होते. उत्तरेकडे १८६१ सालींच त्यांच्या शुश्रूषेसाठीं ‘सॅनिटरी कमिशन’ नांवाची संस्था निघाली. तिनें गांवोगांवच्या स्त्रियांस कळविलें कीं, गोधड्या पाठवा. कापड हलकें चालेल, पण माप रुग्णालयाच्या अरुंद खाटेचें हवें, म्हणजे सुमारें सात फूट लांब व चार फूट रुंद. घरच्या पलंगासाठीं शिवलेल्या ऐसपैस गोधड्या कित्येकींनीं मधून कापून दोन केल्या. युद्ध संपेपर्यंत अशा गोधड्या व दुलया अडीच लाखांच्या आसपास गेल्या असाव्यात, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. इकडे लँकेशायरांत, १८६२ च्या अखेरीस पांच लाखांच्या जवळपास माणसें धर्मादायाच्या अन्नावर जगत होतीं, आणि कित्येक कुटुंबांनीं अंगावरचीं ब्लँकेटें गहाण टाकिलीं होतीं. कापूस ज्यांच्या हातांतून जन्मभर गेला त्यांनाच पांघरूण नव्हतें. ही गोष्ट वऱ्हाडच्या शेतकऱ्यास नवी वाटूं नये.

कारण आमच्याकडेही तसेंच झालें. मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं त्या काळांत उघडच लिहून ठेविलें कीं, आगगाडी आली म्हणजे विलायती कापड येथील विणकरांच्या कापडाहून स्वस्त विकतां येईल, आणि मागावरचीं माणसें शेतीकडे वळतील. पुढें बऱ्याच अंशीं तसेंच घडलें. शेतांतला कापूस सरकी काढून, गांठी बांधून, जलंबमार्गें मुंबईस गेला आणि मँचेस्टरचें धोतर होऊन परत आला. तें धोतर विरलें, तेव्हां घरच्या म्हातारीनें त्याची गोधडी केली. कापसाच्या गांवांतल्या गरीब घरीं नवा कापूस असा पांघरुणांत पडतच नसे. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन रजई भरविणें हें पेठेंतल्या वाड्यांचें काम. बाकीच्यांची ऊब चिंध्यांची.

ती चिंध्यांची ऊब कशी तयार होते हें नव्या पिढीस ठाऊक असेलच असें नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. वरखालीं दोन जुनीं लुगडीं घेतात. मधें धोतरें, सदरे, परकर, जें विरलेलें असेल तें, शिवणी उसवून, सपाट करून अंथरतात. शिवणीची गांठ आंत राहिली तर ती पाठीस टोंचते. मग मोठ्या सुईनें जाड दोरा ओवून कडेपासून धावदोरा घालीत आंत आंत यावयाचें. दोन ओळींमध्यें बोटभर अंतर. मधून सुरुवात केली तर कापड कडेस फुगतें. हें काम उन्हाळ्यांत, पेरणीपूर्वीं, ओसरीवर चालतें, आणि दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तरच तें लवकर उरकतें. बोलणें चालू असतें, म्हणून तें कष्टाचें वाटत नाहीं. शिवाय प्रत्येक लुगड्यावर दुसरा एक हक्कदार टपलेला असतो, ती म्हणजे बोहारीण. दारीं पातेलें दाखवून ती जुनें लुगडें मागते. जी गृहिणी पातेलें सोडून लुगडें गोधडीस ठेविते ती कांहींतरी सोडूनच देते. जुनें कापड फुकटाचें असतें असें म्हणणाऱ्यानें बोहारणीशीं एकदां घासाघीस करून पाहावी.

आतां रुग्णालयाकडे वळूं. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं वऱ्हाड होरपळलें. दुसरा तर छपन्नचा दुष्काळ म्हणून लोकांच्या तोंडीं राहिला. त्या दोन्ही वेळीं सरकारी मदतीच्या बरोबरीनें लोकवर्गणीचा एक ‘दुष्काळ धर्मादाय फंड’ उभारला गेला. त्याचे जे उद्देश ठरविले गेले त्यांतील पहिलाच आमच्या विषयाचा आहे. सरकारी पैशांतून जीव जगेल एवढा शिधा मिळेल. त्यापलीकडे म्हातारे, पंगू, मुलें आणि रुग्णालयांतील रुग्ण यांना अन्नवस्त्राचीं जीं लहानसहान सुखसाधनें लागतील तीं या फंडानें पुरवावीं, असा तो उद्देश. वाचकहो, या वाटणीकडे जरा लक्ष द्यावें. रुग्ण मरूं नये ही जबाबदारी सरकारची. त्याला थंडी वाजूं नये ही शेजाऱ्यांची. सव्वाशे वर्षांपूर्वीं कागदावर आंखलेली ही रेघ आजही पुष्कळ ठिकाणीं पुसली गेलेली नाहीं. औषध मिळतें, सलाइन लागतें, खाटेवर एक चादर असते. पौषांत रात्रीं पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला म्हणजे चादरीनें भागत नाहीं, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून घाईघाईनें आणलेल्या रोग्याबरोबर पांघरूण आणण्याचें भान कोणास राहतें? एका रुग्णालयांत आम्हीं अशाच एका रात्रीं पाहिलें. म्हातारीच्या अंगावर चादर, चादरीवर सुनेचा पदर आणि त्यावर मुलाची सिमेंटची रिकामी गोणी होती.

गोधडीविरुद्धही बोलण्यासारखें आहे, आणि तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. शुश्रूषाशास्त्राची जननी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकांत जाड, कोंदट सुती पांघरुणाचा स्पष्ट निषेध केला आहे. रोग्याच्या अंगची दूषित वाफ त्यांत कोंडून राहते, आणि अशक्त माणसास पांघरुणाच्या भारानेंच झोंप येत नाहीं, असें तिचें म्हणणें; तिची पसंती हलक्या लोकरी ब्लँकेटांस. पुढें साथींनीं हा धडा अधिक कठोरपणें शिकविला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत रोग्यांचीं अंथरुणें-पांघरुणें जाळलीं गेलीं, आणि लोकांनीं तीं लपविलींही. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले यांस मृत्यु आला. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाचा तडाखा ज्या प्रांतांस सर्वांत जबर बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड होते. आणि २०२० सालीं कोरोनाच्या साथींत घरची गोधडीच काय, घरचें माणूसही खाटेजवळ जाऊं शकलें नाहीं. ज्यांचीं माणसें त्या दिवसांत गेलीं त्यांच्या मनांत हेंच सलतें, कीं अंगावर शेवटीं कोणाचें पांघरूण होतें कोण जाणे.

तेव्हां रुग्णासाठीं गोधडी शिवणें म्हणजे घरांतली मळकी वाकळ उचलून देणें नव्हे. ती निराळ्या विचारानें करावी लागते. आंतील थर दोन, फार तर तीन. मधें कापूस मुळींच नको, कारण तो धुतल्यावर गोळा होतो आणि वाळत नाहीं. शिवण्यापूर्वीं प्रत्येक तुकडा उकळत्या पाण्यांतून काढलेला असावा. रंग पक्के असावे. बाजूस बंद असलेली साध्या मांजरपाटाची खोळ बरोबर दिली तर परिचारिकेचें निम्में काम हलकें होतें. माप साडेचार हात लांब व तीन हात रुंद पुरे. ओली झाल्यावर एका बाईस पिळतां येईल आणि एका उन्हांत वाळेल, ती गोधडी रुग्णालयाची; न वाळणारी घरींच ठेवावी. जखमा उघड्या असलेल्यांच्या किंवा संसर्गाच्या खोल्यांत ती देऊंच नये, आणि दुसरीकडेही आधीं मेट्रनला विचारूनच द्यावी. नाइटिंगेलबाईंचा आक्षेप जाड पांघरुणास होता. विरलेल्या लुगड्याच्या तीन पदरांस तो लागू पडतो असें आम्हांस वाटत नाहीं. शंभर वेळां धुतलेलें सुती कापड जितकें मऊ असतें तितकें नवें कधींच नसतें.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गांवच्या टबीथेची, म्हणजे दुर्कस हिची, गोष्ट आपण ऐकिली आहे. ती मरण पावली तेव्हां विधवा रडत पेत्रापाशीं आल्या, आणि त्यांनीं तिचे गुण वर्णिले नाहींत. तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें दाखविलीं. वस्त्रहीनास वस्त्र देणें आणि रोग्यास भेटणें हीं आपल्या शिकवणुकींत दोन निरनिराळीं दयाकृत्यें मोजलीं आहेत. गोधडी घेऊन रुग्णालयांत जाणारी बाई दोन्ही एकाच फेरींत करिते, आणि बहुधा तिच्या तें ध्यानींही नसतें.

ठिगळांचा मान वाढविणारा महापुरुष तर आपल्या वऱ्हाडांतच झाला. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचें वस्त्र घालीत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या. आणि त्यांच्या मिशनच्या दादर येथील धर्मशाळेंत मुंबईस कर्करोगाच्या उपचारासाठीं आलेले रोगी व त्यांचे सोबती उतरतात. विदर्भांतून टाटा रुग्णालयाची वाट धरणाऱ्या कित्येक कुटुंबांची पहिली रात्र तेथें गेली आहे. १९५६ सालीं महाराज वारले तेव्हां त्यांच्या मागें स्वतःची मिळकत म्हणून कांहीं नव्हतें.

गोधडीची हीच कला आपल्या धर्मबांधवांपैकीं एका समाजानें फार उंचीस नेली आहे, याचा उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें होईल. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत हळियाळ, येल्लापूर या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेचे. पुष्कळांना पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यास आणिलें होतें. त्यांच्यांत कॅथोलिक, हिंदु व मुसलमान असे तिघेही आहेत, आणि तिन्ही घरांतील स्त्रिया ‘कवंदी’ शिवितात. कोपऱ्यापासून निघून कडेकडेनें आंत येत जाणारा त्यांचा धावदोरा आमच्याच ओसरीवरचा वाटतो. कॅथोलिक घरच्या कवंदीवर कधीं क्रूसही दिसतो. शेवटीं चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचीं त्रिकोणी ‘फुलें’ लावितात. तीं नसलीं तर कवंदी उघडी राहिली असें त्या मानतात. २०११ सालीं न्यूयॉर्क येथें या कवंद्यांचें प्रदर्शन भरलें होतें.

आतां एकच व्यवहाराचा प्रश्न उरतो, आणि त्यावर मतभेद होतात, म्हणून तो येथेंच सोडवून ठेवावा. दिलेली गोधडी रुग्णालयाची कीं रुग्णाची? अमेरिकेच्या त्या कमिशननें गोधड्यांवर आपला शिक्का मारिला होता, कारण वाटेंत चोऱ्या होत आणि त्या विकल्या जात. त्यांचें त्यांच्या परीनें बरोबरच होतें. आमचें मत मात्र असें आहे कीं, ती रुग्णाचीच व्हावी. एकाच्या अंगावरची दुसऱ्यास द्यावयाची नाहीं, हें संसर्गाच्या दृष्टीनें बरें. आणि दुसरें कारण असें कीं, ज्याला संध्याकाळीं घरीं जाण्याची परवानगी मिळते त्याची एस. टी. पुष्कळदां रात्रींची असते, खिडकीची कांच लागत नसते, आणि जळगांव-जामोदच्या पुढें गाडी जाईपर्यंत थंडी वाढलेली असते.